तरंगतं ते सगळंच तारत नाही



ऑगस्ट 2023 मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या एका छोट्या गावाचं नाव देशभरातल्या वर्तमानपत्रांत छापून आलं. गंगापूर तालुक्यातलं भिव धानोरा. जायकवाडीच्या फुगवट्याचं पाणी वाटेत आडवं आलेलं. त्यामुळे गावातली काही मुलं थर्माकोलच्या जाड पाट्यांवर बसून, वल्हं मारत शाळेत जात होती. पाण्यात साप, पाठीला दप्तर आणि बुडाखाली थर्माकोल. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली.

तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. पूल हवा, रस्ता हवा, हे तर आहेच. पण विज्ञान शिकवणाऱ्या माणसासमोर त्या बातमीतून आणखी एक प्रश्न उभा राहतो. आठवीच्या सामान्य विज्ञानात 'बल व दाब' हा पाठ आहे. त्यात प्लावक बल आहे, आर्किमिडीजचं तत्त्व आहे, घनता आणि सापेक्ष घनता आहे. मुलं व्याख्या पाठ करतात, दोन उदाहरणं सोडवतात, मार्क मिळवतात. पण ज्या पाटीवर बसून पाणी ओलांडायचं, ती का तरंगते, किती वजन पेलते आणि कधी दगा देते, हे त्या पाठातून किती मुलांना सांगता येईल? तुमच्या वर्गात उद्याच विचारून बघा.

माझं म्हणणं सरळ आहे. तरंगणारी वस्तू आणि जीव तारणारी वस्तू यांत फरक असतो, आणि त्यातला मोठा भाग त्या वस्तूच्या पोटात असतो. हे पोट उघडून दाखवल्याशिवाय घनतेचा पाठ पूर्ण झाला असं आपण समजू नये. आपल्याकडे विहिरी आहेत, शेततळी आहेत, नाथसागर आहे. इथे हा विषय परीक्षेपुरता ठेवणं परवडणारं नाही.

पांगारा आणि त्याचा हवाईतला भाऊ

थर्माकोलची पाटी समजून घ्यायची तर तिच्या एका लांबच्या, जरा श्रीमंत नातेवाइकाकडे बघू या. गोव्याला किंवा कोकणात सुट्टीला गेलेल्यांनी समुद्रात एक आखूड, रंगीत, जाडसर फळी पाहिली असेल. मुलं तिच्यावर पोट टेकवून झोपतात आणि लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत येतात. तिला बॉडीबोर्ड म्हणतात. कोणी बूगी बोर्डही म्हणतं.

असल्या फळीची कल्पना जुनी आहे. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवरचे लोक पिढ्यान् पिढ्या लाकडी फळ्यांवर लाटा खेळत आले. त्यासाठी ते वापरत असलेल्या लाकडांपैकी एक होतं विलीविली नावाच्या झाडाचं, अतिशय हलकं. हे विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा सख्खा भाऊ. दोघंही 'एरिथ्रिना' या एकाच वनस्पती-प्रजातीतले. आता गावाकडच्या आजोबांना विचारा की विहिरीत पोहायला शिकताना पाठीला काय बांधायचे. कोणी वाळलेला भोपळा सांगेल, कोणी पांगाऱ्याचं लाकूड सांगेल. हजारो मैलांवरच्या दोन लोकांनी एकमेकांना न विचारता एकाच जातीचं लाकूड हेरलं. कारण दोघांनाही एकच गोष्ट हवी होती: ज्याच्या पोटात हवा आहे आणि ती हवा सहजी बाहेर पडत नाही, असा पदार्थ.

भोपळ्याचं तंत्र तर मुलांना दाखवायला फार सोपं. वाळलेला भोपळा म्हणजे कडक साल आणि आत कोंडलेली हवा. साल धड आहे तोवर भोपळा राजा. सालीला बारीक भोक पडलं की पाणी आत शिरतं, आणि भोपळा आपल्यालाच खाली ओढतो. पांगाऱ्याच्या लाकडात हवा एका मोठ्या खोलीत नसते, ती असंख्य बारीक कप्प्यांत विभागलेली असते. एक कप्पा फुटला तरी बाकीचे शाबूत राहतात. तरंगणाऱ्या वस्तूंचं निम्मं शास्त्र या दोन ओळींत आलं.

पोटातले तीन पदार्थ

आजचा बॉडीबोर्ड लाकडाचा नसतो. जुलै 1971 मध्ये हवाईतच राहणाऱ्या टॉम मोरी नावाच्या अमेरिकी माणसाने पॉलिएथिलीनच्या फोमचा एक लांब तुकडा घेतला, विजेच्या सुरीने तो कापला, वर वर्तमानपत्राचा कागद ठेवून कपड्यांच्या इस्त्रीने त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत केला आणि साधारण साडेचार फुटांची फळी घेऊन समुद्रात गेला. मोरी आधी विमानाच्या कारखान्यात काम केलेला अभियंता होता. त्याची सामग्री मात्र आपल्या शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला शोभेल अशी होती. तिथून आजचा बॉडीबोर्ड सुरू झाला.

या फळीचा गाभा, म्हणजे पोटातला पदार्थ, आज मुख्यतः तीन प्रकारचा असतो. तिन्ही आपल्या घरात कुठे ना कुठे असतात.

पहिला थर्माकोल, म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हलका. समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानात टांगलेल्या स्वस्त फळ्यांच्या पोटात बहुतेक हाच असतो. थर्माकोल म्हणजे राजगिऱ्याचा लाडू समजा. प्रत्येक दाणा वेगळा फुगलेला आणि वाफेच्या उष्णतेने एकमेकांना चिकटवलेला. दाण्याच्या आत पाणी शिरत नाही, पण दाण्या-दाण्यांच्या फटींतून शिरतं. आणि लाडू जसा मोडतो तसाच तो मोडतो: आधी जराही न वाकता, एकदम कट्‌कन.

दुसरा पॉलिएथिलीनचा फोम. टीव्ही किंवा काचसामानाच्या खोक्यात येणारा पांढरा, मऊ, दाबला तर परत वर येणारा फोम याच घराण्यातला. त्यात सुटे दाणे नसतात. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये वायू सोडून तो सलग फुगवलेला असतो, त्यामुळे शेजारच्या दोन बुडबुड्यांची भिंत सामाईक असते. तो वाकतो, पण मोडत नाही. थर्माकोलपेक्षा जड असतो आणि कोमट पाण्यात जास्तच मऊ पडतो. म्हणून थंड समुद्रात खेळणारे लोक त्याला पसंती देतात.

तिसरा पॉलिप्रॉपिलीनचा फोम. हाही दाण्यांचाच बनतो, पण याचे दाणे चिवट असतात. वाकवला की तो पटकन मूळ आकारात परत येतो, उष्ण पाण्यातही आपला ताठपणा बऱ्यापैकी टिकवतो, आणि पॉलिएथिलीनपेक्षा हलकाही असतो. किंमत अर्थात जास्त. मोटारींच्या बंपरच्या आत धक्का शोषायला याच पदार्थाचे ठोकळे बसवतात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या एमआयडीसीत काम करणाऱ्या पालकांपैकी कोणी तरी हा पदार्थ हाताळलेला असू शकेल. अशा पालकाला एक दिवस वर्गात बोलवा, भाड्याने व्याख्याता आणायची गरज नाही.

आता मुलांना कोड्यात टाकणारी एक गोष्ट. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन न फुगवता, घन स्वरूपातही पाण्यापेक्षा हलकी असतात. पाण्याची घनता 1 धरली तर पॉलिप्रॉपिलीनची साधारण 0.9 आणि पॉलिएथिलीनची 0.91 ते 0.97. पण घन पॉलिस्टायरीनची घनता 1.05 आहे! म्हणजे थर्माकोल ज्याचा बनतो ते प्लास्टिक पाण्यात बुडतं. थर्माकोल तरंगतो तो त्यातल्या हवेमुळे. त्याच्या आकारमानाचा सुमारे 98 टक्के भाग हवाच असते. आपण मुलांना 'थर्माकोल हलका असतो म्हणून तरंगतो' असं सांगून मोकळे होतो. खरं तर आपण त्यांना सांगायला हवं: बाळांनो, तुम्ही प्लास्टिकवर बसलेला नाही, तुम्ही कोंडलेल्या हवेवर बसला आहात. हवा कोंडणारी भिंत किती भरवशाची, तेवढाच भरवसा तुमचा.

सालीचं काम

मग प्रश्न येतो की थर्माकोलचा स्वस्त बॉडीबोर्ड लाटेत लगेच का मोडत नाही, आणि थर्माकोलची उघडी पाटी मधोमध का तडकते? उत्तर सालीत आहे.

पाटीच्या मध्यभागी मूल बसलं की पाटी किंचित वाकते. वरचा पृष्ठभाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. थर्माकोल दाब बऱ्यापैकी सोसतो, ताण मात्र सोसत नाही. खालच्या बाजूला एखादी खोक असेल तर तडा तिथून सुरू होतो आणि क्षणात आरपार जातो. बॉडीबोर्डला वरून आणि खालून चिवट प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेला असतो. ताण तो थर घेतो. गाभ्याचं काम एवढंच की दोन्ही थरांना एकमेकांपासून दूर धरून ठेवायचं आणि पाणी बाहेर ठेवायचं. महागड्या फळ्यांत ताठपणासाठी गाभ्यात कार्बन किंवा फायबरची एक लांब कांडीही घालतात.

हीच युक्ती आपल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. दोन सपाट कागद आणि मध्ये नागमोडी कागद. तिन्ही सुटे केले तर काहीच दम नाही, चिकटवले की खोकं वीस किलो सामान पेलतं. म्हणूनच पोत्यात घट्ट शिवलेला, दोरीने आवळलेला थर्माकोल आणि उघडी थर्माकोलची पाटी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पदार्थ तोच, पण एकाला साल आहे.

चला, आकडेमोड करू

थर्माकोलची एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर जाड पाटी घ्या. आकारमान किती? 100 × 50 × 5 = 25,000 घनसेंटिमीटर, म्हणजे 25 लिटर. ती पूर्ण बुडाली तर 25 लिटर पाणी बाजूला सारेल, म्हणजे 25 किलो वजनाइतकं प्लावक बल मिळेल. पाटीचं स्वतःचं वजन घनमीटरला 15 किलो या हिशेबाने अर्धा किलोसुद्धा नाही. म्हणजे वर जास्तीत जास्त साडेचोवीस किलोच्या आसपास.

आता पाचवी-सहावीतलं मूल तीस किलोचं धरा आणि दप्तर चार किलोचं. बेरीज चौतीस. एक पाटी पुरणार नाही. दोन पाट्या एकमेकींना बांधल्या तर पन्नास लिटर, पेलायची ताकद 49 किलो. कागदावर मूल पास! पण मूल एका कडेला सरकलं तर? दोरी सैल झाली तर? एक कोपरा तुटून वाहून गेला तर? उत्तरपत्रिकेत हिशेब बरोबर असतो आणि पाण्यात चुकतो, तो या तीन प्रश्नांमुळे. हे तीन प्रश्न आपल्या पाठाच्या शेवटी असायला हवेत.

गंमत बघा, मोठ्या मुलांच्या बॉडीबोर्डचं आकारमानही साधारण वीस-पंचवीस लिटरच्या घरात असतं, म्हणजे आपल्या एका पाटीइतकंच. मग तो कसा पुरतो? कारण त्यावर कोणी दप्तर घेऊन बसत नाही. छाती-पोट फळीवर आणि पाय पाण्यात असतात. आपलं शरीर पाण्याइतक्याच घनतेचं असल्याने जेवढा भाग पाण्यात असतो तेवढ्याचं वजन पाणीच उचलतं. पोहण्याच्या शिबिरात मुलं हातात धरतात त्या छोट्या पाटीचं उदाहरण घ्या. 45 × 28 × 3.5 सेंटिमीटरच्या पाटीत जेमतेम साडेचार लिटर भरतात. चार किलोचा आधार, तरीही मूल तरंगतं. पाण्यात राहून फक्त डोकं वर ठेवायला थोडासाच आधार लागतो. पूर्ण अंग पाण्याबाहेर ठेवायला पुरा तराफा लागतो. हा फरक एकदा कळला की मूल संकटात योग्य गोष्ट करेल: तराफा उलटला तर त्यावर परत चढायची धडपड करणार नाही, त्याला छातीशी कवटाळून पाण्यातच राहील आणि हाक मारेल.

वर्गात करायच्या पाच गोष्टी

यासाठी नवा थर्माकोल विकत आणू नका. महाराष्ट्र शासनाच्या 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली, आणि 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. कोणाच्या तरी घरी खोक्यातून आलेला तुकडा असतोच, तो पुरे.

1. जुन्या सीडीच्या पारदर्शक पेटीचा तुकडा पाण्यात टाका. तो बुडेल. थर्माकोलचा तुकडा टाका, तरंगेल. मग सांगा की दोन्ही पॉलिस्टायरीनच आहेत. वस्तूवर त्रिकोणात 6 हा आकडा असेल तर ते पॉलिस्टायरीन, 5 असेल तर पॉलिप्रॉपिलीन, 2 किंवा 4 असेल तर पॉलिएथिलीन. मुलांना घरातल्या डब्यांखालचे आकडे शोधायला लावा.

2. सारख्या मापाच्या दोन पट्ट्या घ्या, एक थर्माकोलची, एक खोक्यातल्या मऊ फोमची. हळूहळू वाकवा. कोणती मोडते, कोणती परत सरळ होते?

3. थर्माकोलच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एकीला दोन्ही बाजूंनी जाड कागद पांढऱ्या फेविकॉलने चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर पट्ट्या आडव्या ठेवून मध्ये एकेक वजन वाढवत जा. सालीचं महत्त्व भाषणाशिवाय समजेल. पंक्चरवाल्याचं सोल्युशन वापरू नका, त्यातलं द्रावक थर्माकोल खातं.

4. स्पंज, थर्माकोल आणि मऊ फोम यांचे तुकडे वजनकाट्यावर तोला. दगडाखाली दाबून रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी वरवर पुसून परत तोला. स्पंजचे कप्पे एकमेकांत उघडे असतात, ढोकळ्यासारखे, म्हणून तो पाणी पितो. बंद कप्प्यांचा फोम पीत नाही. 'सच्छिद्र' या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी शिकवतो, त्या इथे वेगळ्या होतात.

5. मोसंबी किंवा संत्र्याची ताजी साल थर्माकोलवर दुमडून पिळा. तेल जिथे उडेल तिथे थर्माकोल खड्डे पडून बसत जाईल. सालीच्या तेलातलं लिमोनीन पॉलिस्टायरीनला विरघळवतं. आपल्या भागात मोसंबीला तोटा नाही. या प्रयोगानंतर मुलं स्वतःच विचारतात की सर, पेट्रोल किंवा रॉकेल सांडलं तर काय होईल? होय, पेट्रोलही थर्माकोलला विरघळवतं. पण ते वर्गात करून दाखवू नका. थर्माकोल जाळूनही दाखवू नका, त्याचा धूर विषारी असतो.

उन्हाचाही मुद्दा सांगा. मराठवाड्याचा मे महिना कोणाला सांगायला नको. महिनोन्‌महिने उन्हात पडलेला थर्माकोल पिवळा पडतो आणि हाताला भुकटी लागायला लागते. तो मूळच्या ताकदीचा राहिलेला नसतो. तुटलेले दाणे पाण्यात जातात, ते मासे आणि पक्षी गिळतात. नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे आणि आपलं शहर तेच पाणी पितं, एवढं सांगितलं तरी पर्यावरणाचा पाठ वेगळा घ्यायची गरज उरत नाही.

पालकांसाठी

सुट्टीत मुलाला पोहण्याचं सामान घेऊन देताना रंग आणि चित्र बघू नका, पोट बघा. कडेला दाबून बघा. आत दाणे कुरकुरले तर तो थर्माकोल आहे. खेळायला चालेल, पण साल फाटली की त्याचा भरवसा संपला. फुगवायची रिंग म्हणजे एकच कप्पा असलेला भोपळा. एक टाचणी पुरते. बंद गाडीत फोमची पाटी उन्हात ठेवू नका. आतला वायू प्रसरण पावतो, साल सुटून फुगे येतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बॉडीबोर्ड, हातात धरायची पाटी, रिंग ही सगळी खेळणी आहेत. हातातून निसटली की संपलं. लाइफ जॅकेटच्या पोटातही बंद कप्प्यांचा फोमच असतो, पण ते पट्ट्यांनी अंगाला बांधलेलं असतं. चांगल्या जॅकेटची रचना तोंड पाण्याच्या वर राहावं अशी केलेली असते. मुलाच्या वजनाला बसणारंच घ्या. मोठ्याचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून वर निघून जातं.

ज्यांच्याकडे शेततळं आहे त्यांना हात जोडून विनंती. शेततळ्यात अंथरलेला कागद हासुद्धा बहुधा पॉलिएथिलीनच असतो. ज्या पदार्थाचा फोम मुलाला तारतो, त्याच पदार्थाचा ओला, शेवाळलेला कागद त्याला काठावर पाय रोवू देत नाही. पट्टीचे पोहणारेही तिथून वर येऊ शकत नाहीत. म्हणून तळ्याभोवती कुंपण करा. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर काठावरच्या खुंटाला बांधून पाण्यात सोडून ठेवा. आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा वीस लिटरचा कॅन लांब दोरीला बांधून कायम काठावर ठेवा. वीस लिटर हवा म्हणजे सुमारे एकोणीस किलोचा आधार. तो थर्माकोलसारखा तुटत नाही आणि त्याला पैसे पडत नाहीत. कोणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारायची नाही, कॅन फेकायचा आणि दोर ओढायचा, हे घरातल्या लहान मुलालाही शिकवून ठेवा. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतोच.

'हे शाळेचं काम आहे का?'

काही शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम आधीच संपत नाही, त्यात हे कुठे बसवायचं? माझं उत्तर असं की हा नवा पाठ नाही, आहे त्याच पाठाची उदाहरणं बदलायची आहेत. लोखंडाचा ठोकळा आणि लाकडाचा ठोकळा यांच्या जागी थर्माकोल, फोम आणि रिकामा कॅन घ्यायचा. सूत्र तेच, तास तेवढेच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मुलांना तराफ्याचं शास्त्र शिकवणं म्हणजे तराफ्यावरून शाळेत जाणं मान्य करणं नव्हे का? अजिबात नाही, आणि हे स्पष्ट बोललं पाहिजे. पाण्यापलीकडच्या मुलाचा हक्क पुलाचा आणि रस्त्याचा आहे. चांगल्या थर्माकोलचा नाही. पण ज्या मुलाला 25 लिटर आणि 34 किलो यांतला फरक मांडता येतो, ते ग्रामसभेत उभं राहून सांगू शकतं की ही पाटी आमचं वजन पेलायला पुरत नाही, हा बघा हिशेब. दया मागणाऱ्या अर्जापेक्षा असा हिशेब जास्त बोलतो. विज्ञान शिकवायचं ते याच्यासाठीही.

शिवाय सगळ्याच मुलांना पाणी ओलांडावं लागतं असं नाही, पण पाण्याजवळ सगळीच जातात. मामाच्या गावची विहीर, पैठणचं पाणी, पावसाळ्यातला ओढा, गोव्याचा समुद्र. तिथे आपण बरोबर नसतो. बरोबर असतं ते आपण वर्गात शिकवलेलं, जर ते खरंच शिकवलं असेल तर.

तेव्हा यंदा 'बल व दाब' घ्याल तेव्हा एक बादली, एक थर्माकोलचा तुकडा, एक फोमचा तुकडा, जुन्या सीडीची पेटी आणि एक मोसंबी घेऊन वर्गात जा. आणि पाठ संपताना फळ्यावर नेहमीच्या 'वस्तू का तरंगते?' या प्रश्नाखाली दुसरा प्रश्न लिहा: 'ती कधी तरंगायची थांबेल?' मुलांना उत्तरं घरून लिहून आणायला सांगा, आई-वडिलांना विचारून. त्या निमित्ताने ज्या घरी शेततळं आहे तिथे काठावर एक दोर आणि एक कॅन आला, तरी तो तास सार्थकी लागला.